बाणसाहेब आणि बंद दार

एक राखाडी लोकरी कोट.

गुडघ्यांवरचे जुने घट्टे.

"जावईबापू, तुम्ही आर्किटेक्ट ना? आमच्या बाल्कनीचं दार लागत नाही हो."

एक चौकोन, त्यातून निघालेला बाण, पुढे दुसरा चौकोन.

कोट सोडला तर हा सगळा ऐवज बाणसाहेबांचा. नोकरीची सुरुवात त्यांनी टेबलांखाली रांगत, वायरी ओढत केली. मग फोनवर "बंद करून परत चालू करा" सांगू लागले, मग सर्व्हर सांभाळले, आणि आता कंपनीच्या संगणक यंत्रणेचे आर्किटेक्ट म्हणून नुसते चौकोन आणि बाण काढत. जितकी बढती, तितकं यंत्र लांब.

आज मुख्य आर्किटेक्टचं पद ठरणार होतं. ठरवणाऱ्या संचालिकाबाई सर्व्हरच्या थंडगार खोलीत एकट्या उभ्या होत्या. बाणसाहेब बाहेर, काचेच्या खिडकीशी, लॅपटॉप घेऊन. दाखवायचं इतकंच, की पहिला सर्व्हर बंद पडला तर दुसरा आपोआप काम उचलतो.

त्यांनी पहिला बंद केला. दुसरा उठेना.

"काय झालं रे?" ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

शेजारी त्यांचा सहकारी होता. त्याला सगळे चष्मा म्हणत. "साहेब, दुसरा उठण्याआधी पहिल्याची परवानगी मागतोय."

"हा गाढवपणा कुणाचा?"

"बाण तुमचाच आहे."

"आत जाऊन हातानं चालू करू." त्यांनी दाराला कार्ड लावलं. पोलादी दार ढिम्म.

"कार्ड कोण तपासतं?"

"पहिला."

"जो मी आत्ताच बंद केला."

"हो."

"मग इथूनच त्याला उठव ना!"

"त्याला उठवणारा प्रोग्रॅम त्याच्याच पोटात आहे, साहेब."

कंपनीतले सगळे फोन एकदम खणखणू लागले. बाणसाहेबांच्या खिशातलाही. सासरे होते.

"जावईबापू, ते दार—"

"मामा, दाराचं नाव काढू नका!"

आत बाई हात चोळत होत्या. बाणसाहेबांनी कागदावर लिहून काचेला लावलं: 'मागचं बटण दाबा.' बाईंनी खुणेनं विचारलं, कुठलं?

"चष्म्या, कुठलं?"

"नकाशात नुसता चौकोन आहे."

बाई कुडकुडत दाराकडे वळल्या आणि खिडकीतून दिसेनाशा झाल्या. बाणसाहेबांना पुन्हा टेबलं दिसू लागली, खालच्या बाजूनं.

खट्. दार उघडलं.

बाणसाहेब आत धावले, गुडघ्यांवर बसले, कपाटामागे रांगत शिरले. बोटांना बटण आठवलं. दिवे लागले. बाहेरचे फोन एकेक करत गप्प झाले.

जळमटं लागलेल्या डोक्यानं ते बाहेर आले आणि बोलून गेले, "पाहिलंत मॅडम? संकटात दार आपोआप उघडतं. तशी सोयच केलीय मी."

चष्म्यानं फरशीकडे पाहिलं. बाईंनी अंगावरच्या राखाडी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"उत्तम सोय आहे," त्या म्हणाल्या. "पद तुमचं. आणि या दाराबद्दल पुन्हा चर्चा नको. कुणाशीच."

आतल्या बाजूनं ते दार साधं हँडल दाबलं की उघडायचं. आत शिरताच बाईंनी सवयीनं आपला कोट त्याच हँडलवर टांगला होता, आणि थंडी वाजल्यावर तो ओढून काढला होता.