एक अशील, एक फाईल

वकिलाने अशिलाचं गुपित पोटात ठेवावं, असं कायदा सांगतो. हे पोट किती मोठं असावं, ते मात्र कायद्याने सांगितलेलं नाही. त्यामुळे आमच्या नाशिकच्या वकीलवर्गाने ते पहिल्यापासून सोयीप्रमाणे मोठं धरलेलं आहे. त्यात दोन ज्युनिअर, एक कारकून, चहावाला आणि कोर्टाच्या आवारातले टंकलेखक आरामात मावतात.

संगणक येण्यापूर्वी गुपितं फार नीट पाळली जात. वकील कडुलिंबाखाली उभा राहून घटस्फोटाचा अर्ज खड्या आवाजात सांगे, टंकलेखक तो बडवे, आणि मागे नंबर लावून बसलेली मंडळी (त्यात पुष्कळदा त्याच अर्जातला नवराही असे) ऐकून न ऐकल्यासारखं करत. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पण उच्चार कुणी करायचा नाही. यालाच व्यवसायाची नीतिमत्ता म्हणत.

गायधनी वकील हे दिवाणी बाजूचं मोठं प्रस्थ. त्यांनी २००२ च्या दसऱ्याला संगणक घेतला, त्याला झेंडूचा हार घातला आणि त्याच दिवशी गोपनीयतेचा कडक बंदोबस्त केला. संगणकाच्या खोलीत चपला घालून जायला बंदी. वर कापडी झूल. पासवर्ड एकट्या गायधनींनाच माहीत असायचा. आणि ते कोर्टात असताना कुणाची अडचण नको, म्हणून तो पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. (चिठ्ठीवर लाल शाईने ‘गोपनीय’ लिहिलं होतं. मी स्वतः वाचलं आहे.) संगणकात विषाणू शिरतात असं कळल्यावर त्यांनी फ्लॉपींच्या डब्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्यानंतर एकही विषाणू सापडला नाही. शोधायचा कसा, हे कुणाला माहीत नव्हतं, पण निकाल शंभर टक्के होता.

गायधनींचं एक तत्त्व होतं: एक अशील, एक फाईल. तीस वर्षं त्यांनी प्रत्येक अशिलाचे सगळे कागद एकाच पुठ्ठ्यात, एकाच नाडीने बांधले होते. कागद सुटा झाला की गेलाच, असा त्यांचा अनुभव. संगणकालाही त्यांनी हेच वळण लावलं. अशिलाशी झालेलं बोलणं, त्यावरचं स्वतःचं मत, अर्ज, नोटिसा, सगळं एकाखाली एक, एकाच फाईलमध्ये. ज्युनिअर आभा एकदा हळूच म्हणाली, ‘सर, वेगवेगळ्या फाईली करता येतात.’ गायधनी म्हणाले, ‘नाडी कुठे बांधणार?’ आभा त्याच फाईलमध्ये खाली टाइप करू लागली.

नवसाबाईंची फाईल अशीच तयार झाली. नवसाबाई मखमलाबादकडच्या, गुलाबाची बाग करणाऱ्या. नवरा वारलेला. दीर सहादू याच्याशी विहिरीचा दावा चालू होता. विहीर सामाईक, चार दिवस त्याचं पाणी, चार दिवस बाईंचं. सहादूने त्यांची पाण्याची पाळी बंद केली, तेव्हा बाई कोर्टात आल्या. बाजू भक्कम होती. निम्मं पाणी त्यांना मिळणार, याबद्दल गायधनींना शंका नव्हती. पण दावे लांबतात, म्हणून दोन्हीकडून तडजोडीची बोलणी सुरू झाली आणि गायधनींनी बाईंना शेवटचं काय ते विचारलं.

बाईंनी आधी दार लावून घ्यायला सांगितलं.

‘साहेब, हे फक्त तुमाला सांगते. माझ्या इंदीचं लगीन हाय माघात. भागीबाईनं, माझ्या जाऊबाईनं, तिला अंगाखांद्यावर खेळवली. दावा लागल्यापासून ती बोलत नाय. भागीबाई हळदीला येनार असंल ना, तं इहीर गेली तरी मी सही करीन. पन हे त्या घरी कळू देऊ नका. कळलं तं इहीर बी जाईल आन् मीच लाचार ठरीन.’

गायधनींनी आभाला हे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायला लावले. खाली शेरा दिला: ‘अशील भावनाप्रधान. भागीबाई हळदीला येत असल्यास विहीर सोडेल. विरुद्ध बाजूस कळू नये.’ त्याखाली निम्म्या पाण्याच्या तडजोडीचा मसुदा.

विरुद्ध बाजूला शुक्ल मॅडम होत्या. मसुद्यात त्यांना दुरुस्त्या करायच्या होत्या. पुन्हा टाइप करण्याचा त्रास वाचावा म्हणून गायधनींनी फ्लॉपीच पाठवून दिली. त्यात अख्खी फाईल होती. तत्त्व म्हणजे तत्त्व. आधीची पानं त्यांनी पाहू नयेत, एवढी खबरदारी मात्र घेतली होती. तिथल्या अक्षरांना पांढरा रंग देण्यात आला. कागदाला व्हाईटनर लावतो तसंच, वर बाटलीचा खर्च नाही.

शुक्ल मॅडमना सुरुवातीला दहा कोरी पानं दिसली. गायधनी पाठकोऱ्या कागदावर नोटीस काढणारे. ते दहा पानं वाया घालवतील, हे मॅडमना पटेना. त्यांनी सगळा मजकूर निवडून काळा केला.

इथे मॅडमच्या सचोटीबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. विरुद्ध बाजूचा गोपनीय मजकूर चुकून हाती आला, तर वकिलाने तो वाचू नये, हे त्यांना पाठ होतं. परंतु मजकूर गोपनीय आहे की नाही, हे न वाचता कसं ठरवणार? म्हणून त्यांनी वाचायला घेतलं. ‘विरुद्ध बाजूस कळू नये’ ही ओळ आली तेव्हा त्या थबकल्या. पण काय कळू नये, हे नक्की समजल्याशिवाय ते न कळण्याची काळजी घेता येत नाही. त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला. दहावं पान संपल्यावर मजकूर गोपनीय असल्याची त्यांची पूर्ण खात्री झाली आणि त्यांनी वाचन तत्काळ थांबवलं. पुढे प्रश्न आला स्वतःच्या अशिलाचा. त्याच्या हिताचं काही कळलं, तर ते त्याच्यापासून लपवणं हाही नीतिभंगच. तो त्यांनी होऊ दिला नाही.

तडजोडीच्या बैठकीला सहादू आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, ‘इहीर आमची. भागी हळदीला येईल.’

नवसाबाई गायधनींकडे बघत राहिल्या.

‘हे मी तुमालाच सांगितलं व्हतं.’

‘बाई, ते संगणकात सुरक्षित आहे,’ गायधनी म्हणाले. त्यांना खरोखर तसं वाटत होतं.

बाईंनी सही केली. नकार दिला असता, तर हळदीच्या मांडवात जाऊबाईची वाट पाहायचीही सोय उरली नसती. भागीबाई हळदीला आल्या, पुतणीच्या गालाला हळद लावली आणि दोघी जावा गळ्यात पडून रडल्या. मग भागीबाई म्हणाल्या, ‘मला या सह्यांचं काय बी ठावं नाय गं. मी तशी बी येनार व्हते.’ त्या उन्हाळ्यात नवसाबाईंचा गुलाब उभा वाळला. आता त्या गणेशवाडीच्या बाजारात दुसऱ्यांची फुलं विकतात. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, पण तेव्हा मी उपसमितीचा चिटणीस असल्यामुळे तसं नोंदवता आलं नाही.

उपसमिती म्हणजे ‘संगणकीय गोपनीयता व व्यावसायिक शिष्टाचार उपसमिती’. बाररूममध्ये चहाबरोबर हे प्रकरण सगळ्यांच्या तोंडी झालं, तेव्हा आम्ही काही वकिलांनी मिळून ती नेमली. भंग झाला का, हे ठरवण्यासाठी सदस्यांनी मूळ मजकूर पाहणं भाग होतं. म्हणून प्रत्येकाला एक फ्लॉपी देण्यात आली. दोन सदस्यांकडे संगणक नव्हते; त्यांनी पंचवटीतल्या सायबर कॅफेत जाऊन छापील प्रती काढल्या. (कॅफेवाल्याला बाहेर बोलू नकोस अशी ताकीद देण्यात आली. कशाबद्दल बोलू नकोस, हे त्याला नीट समजावून सांगितलं.) विचाराअंती एकमताने ठरलं: जी गोष्ट इतक्या जणांना माहीत आहे तिला गोपनीय म्हणता येणार नाही, सबब गोपनीयतेचा भंग झालेला नाही. गायधनींचं सावधगिरीबद्दल आणि शुक्ल मॅडमचं वाचन वेळीच थांबवल्याबद्दल अभिनंदन करण्यात आलं.

नवसाबाई एकदाच समितीपुढे आल्या. विहीर त्यांनी मागितली नाही. म्हणाल्या, ‘मी त्या दिवशी जे बोलले ते तेवढं पुसून टाका. बाजारात बाया ईचारत्यात.’ आम्ही त्यांना तांत्रिक अडचण सांगितली: सगळ्या प्रती पुसल्या गेल्या की नाहीत, हे ताडून पाहण्यासाठी एक प्रत ठेवावी लागते. ती माझ्याकडे आहे.

तिच्याच आधारे, नवोदित वकिलांच्या मार्गदर्शनासाठी हे टिपण लिहिलं. नियम सोपा आहे: दुसऱ्याचं गुपित हाती आलंय असं लक्षात येताक्षणी वाचन थांबवावं. या टिपणात बाईंनी दार लावून घ्यायला सांगितलं, तेव्हा लिहिणारा मी आणि वाचणारे तुम्ही, आपण दोघेही खोलीत होतो. मी थांबलो नाही, कारण मला लिहायचं होतं. तुम्हाला तर तसलं काही काम नव्हतं. तरीही तुम्ही आत बसून राहिलात आणि बाईंचं बोलणं संपेपर्यंत ऐकलंत. आता बाजारात फुलं घ्यायला जाल तेव्हा कृपा करून त्यांच्याकडे निरखून पाहू नका. त्यांना लगेच कळतं.