वरातीची गाडी आणि दोन गाऱ्हाणी

गाडी कशी पसंत करायची हे मला कोणी शिकवू नये! रत्नागिरी डेपोत एसटी चालवण्यात माझा जन्म गेला. पूर्णगडच्या वळणावर समोरून कुठली गाडी येते आहे, हे मी नुसत्या हॉर्नवरून सांगायचो. त्यामुळे माझ्या लेकीच्या, सानिकाच्या वरातीची गाडी निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी म्हटलं, "पाच मिनिटांचं काम!"

खरं तर माझ्याकडे दुसरं कामच नव्हतं. माझी बायको मालन गेल्या पावसाळ्यात गेली. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, अशी आमच्याकडची रीत, म्हणून हे लग्न घाईत. कन्यादानाला जोडपं लागतं, तिथं माझा धाकटा भाऊ आणि भावजय बसणार. जेवणाचं भावजय बघणार, मांडवाचं वाडी बघणार. मला उरली गाडी.

तीही सहज मिळाली नाही. माझा मुलगा गुरुप्रसाद डोंबिवलीला असतो. त्याचं म्हणणं, सानिका सासरी गेली की घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे चला.

"बाबा, तुम्ही एकटे राहूच शकत नाही. काल भाजीवाल्यासमोर किती वेळ उभे होतात?"

"बघत होतो."

"भेंडी आणि गवारीत काय बघायचं असतं?"

त्याला काय सांगणार! लग्न झाल्यापासून भाजी मालनने निवडली. मासे तिने, शर्ट तिने, माझा डॉक्टरसुद्धा तिनेच निवडला. मी फक्त गाडी चालवली, तीही डेपोने सांगितलेल्या रस्त्याने. ती गेल्यापासून मी कपाटातला सगळ्यात वरचा शर्ट घालतो. धुतला की तो पुन्हा वरच येतो. खालचे शर्ट माझी वाट बघून पिवळे पडले! पण डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर मालन कधी राहिलेली नाही. मी तिथं जाऊन काय करू?

शेवटी सानिकाने तोड काढली. "गाडी बाबा ठरवतील. एकटे, कोणाला न विचारता. ठरवली तर ते इथेच राहतील आणि दादा, तू गप्प बसायचं. नाही ठरवली तर डोंबिवली."

"चालेल!" गुरू म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला रागच आला.

गुरूचा एक मित्र लग्नाला भारी गाड्या भाड्याने देतो. त्याच्या दोन स्पोर्ट्स कार गोव्यातलं लग्न आटपून मुंबईला परत जात होत्या. वाटेत आमच्या वाडीत थांबतील, मी बघीन, एक ठेवून घेईन, दुसरी पुढे जाईल, असं ठरलं.

दुपारी दोन्ही आल्या. एक लाल, एक काळी. आवाज असा, की शेजारची म्हैस दावं तोडून पोफळीत शिरली!

आधी लाल बघितली. "ही जर्मन," गुरू म्हणाला. तिची उंची माझ्या कमरेलाही लागेना. मी वाकलो, एक पाय आत टाकला, पुढचं सगळं गाडीनेच केलं. बसलो म्हणजे पडलो!

"कशी वाटते, बाबा?"

"आधी मला बाहेर काढ."

विहिरीतून कळशी काढावी तसं गुरूने आणि ड्रायव्हरने मला वर ओढलं.

मग काळी. "ही इटलीची." हिची दारं वरच्या बाजूला उघडायची. ड्रायव्हरने दार सोडलं, ते वर गेलं, आणि जाताना दोरीवर वाळत घातलेला माझा लेंगा घेऊन गेलं. लेंगा बिजागरीत असा अडकला की कोणाला निघेना. एवढी महाग गाडी माझ्या लेंग्याचा झेंडा लावून उभी!

"माणसं किती बसतात?" मी विचारलं.

"दोन."

"ड्रायव्हर धरून?"

"अर्थात!"

"मग नवरा काय धावत येणार?"

"बाबा, नवरा स्वतः चालवणार! ही स्पोर्ट्स कार आहे!"

सानिका ओट्यावर हाताची घडी घालून उभी होती. "मग? कुठली?"

मी लाल बघितली. काळी बघितली. पुन्हा लाल. भाजीवाल्यासमोर होतं तसं व्हायला लागलं. मालन असती तर नारळाला मारतात तशी टिचकी मारून म्हणाली असती, ही घ्या. मी दोन्ही गाड्यांना टिचकी मारली. दोन्ही सारख्याच वाजल्या.

तेवढ्यात काशीरामकाका आले. आमच्या गावात देवाशी बोलायचा मान त्यांचा. लग्न असो, नवी विहीर असो, हातात नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"रघू, गाडी वाडीत आली नि देवाला सांगितलंस नाय?"

"काका, अजून ठरलेली नाही, नुसती बघायला..."

पण नारळ ते घरूनच घेऊन आले होते. लाल गाडीपुढे उभे राहून त्यांनी डोळे मिटले.

"हे गावच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मांडव घालणारी माणसं बांबू टाकून धावत आली.

"आज तुझ्या ह्या लेकरानं, रघूनं, लेकीच्या वरातीला ही तांबडी गाडी पसंत केलीन हा..."

"व्हय म्हाराजा!"

"ती सुखरूप पोचव, नि वाटेत कोणाची वाकडी नजर असेल ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा! लहानपणापासूनची सवय. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं.

"झालं! लाल!" गुरू म्हणाला.

"थांब," सानिका म्हणाली. "बाबा, हे तुम्ही ठरवलंत की काकांनी?"

"काकांनी," मी म्हटलं.

"मग नाही धरणार."

काका भडकले. "नाय धरणार? देवाला सांगितलेलं मागं कसं घेऊ? तो काय तुमचा मोबाईल हाय?" मग जरा विचार करून म्हणाले, "मागं घेता येत नाय. पण आणखी एक घालता येतं."

दुसरा नारळ आला. काळी गाडीही मी पसंत केल्याचं देवाला कळवण्यात आलं. मी दात घट्ट आवळून उभा होतो. तरी 'व्हय म्हाराजा' नाकातून आलंच!

आता देवाच्या दरबारी माझ्या दोन्ही गाड्या पसंत. काका म्हणाले, "आता त्यालाच ठरवू दे. नवरीची गाडी आधी देवळात जाते. जी घाटी चढून देवळापाशी पोचेल ती."

सानिकाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला तर हलकंच वाटलं. माझं डोकं दुखायचं ते देवाचं दुखू दे!

आमची घाटी म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांची कुंपणं, म्हणजे गडगे, त्यांच्यामध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट आणि मध्येच पाणी जायच्या मोरीचा उंचवटा. लाल पुढे, काळी मागे. काळीच्या मागे माझा मित्र रमजान, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून सरबताचा बर्फ घेऊन आलेला. गर्दी बघून त्याला वाटलं कार्यक्रम देवळात आहे, म्हणून टेंपो घेऊन तोही चढला.

लाल गाडी मोरीवर गेली आणि खर्रर्र! पोट टेकलं. चारही चाकं नुसतीच फिरायला लागली. दार उघडावं तर आडवा गडगा. ड्रायव्हर आतून ओरडतोय, "चाचा, निकालो!"

"उचला!" काका म्हणाले.

आमच्या वाडीला जड वस्तू उचलायची एकच पद्धत ठाऊक. शिमग्यात देवाची पालखी उचलतात ती! मांडवाचे बांबू आले, गाडीखालून गेले, अख्ख्या वाडीने पुढून मागून खांदा दिला आणि गाडी उठली. इथवर ठीक होतं. पण पालखी एकदा खांद्यावर आली की आमची माणसं सरळ चालत नाहीत. कोणीतरी पत्र्याचा डबा बडवायला घेतला आणि गाडी नाचायला लागली! थोडी पुढे, थोडी मागे, मध्येच गिरकी घेतल्यासारखी डुलायची. आत ड्रायव्हर हात जोडून बसलेला. लोकांना वाटलं भक्तीने!

पालखी देवळापाशी पोचली. "पोचली!" काकांनी जाहीर केलं. "आता दुसरी आणा!"

बांबू घेऊन येणारी माणसं बघितली आणि काळ्या गाडीचा ड्रायव्हर पांढरा पडला. "टेंपो पीछे लो, भाई!" रमजानने टेंपो मागे घेतला. काळी मागे मागे घाटी उतरली, वळली आणि जी सुटली ती थेट महामार्गाला लागली. माझ्या लेंग्यासकट!

लाल गाडीच्या ड्रायव्हरने बाहेर येऊन देवाला नमस्कार केला, गुरूला सांगितलं, "शादी में मैं नहीं आएगा," आणि देवळामागच्या डांबरी रस्त्याने निघून गेला. हो, देवळामागे डांबरी रस्ता आहे. पण नवरी कधी मागच्या रस्त्याने जात नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षातच आला नव्हता.

गुरू माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "बाबा, संपलं. एकही गाडी नाही. आता मुकाट्याने डोंबिवली."

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. माझे गुडघे दुखत होते. घरी जाऊन पडावं, एवढीच इच्छा होती. रमजान टेंपो घेऊन पुन्हा वर आला होता, त्याच्या फळीवर मी टेकलो.

"सानिका ह्यात जाईल," मी म्हटलं.

"कशात?"

"टेंपोत."

"अरे रघू," रमजान म्हणाला, "मासळीचा वास हाय त्याला!"

"धुवायचा."

"बाबा," सानिका जवळ आली, "हे तुम्ही ठरवलंत? कोणाला न विचारता?"

"हो."

काकांनी तिसरा नारळ काढला.

"काका, तो खाली ठेवा!" मी ओरडलो.

सानिका हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. घर वाचलं. फळीवर एकदा टेकल्यावर मला उठवेना, म्हणून टेंपो म्हटलं, हे मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

दुसऱ्या दिवशी रमजान टेंपो साबणाने धुऊन, लिंबं चोळून दारात घेऊन आला. "रघू, हार कसला लावू? झेंडू की शेवंती?"

गुरू आतच होता. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "झेंडू!"

सानिकाने कौतुकाने बघितलं.

"पिवळा की केशरी?" रमजान म्हणाला.

मी आत जाऊन दार लावून घेतलं. लग्न उद्यावर आलं आहे आणि रमजान अजून ओट्यावर बसून आहे. तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा. फक्त हळू बोला, गुरू अजून डोंबिवलीला गेलेला नाही.