थपडेचा उपास

लेस्टरमध्ये राहणाऱ्या यशवंत केळुसकरांच्या डाव्या कानाशी महिना झाला, एक थप्पड हवेत थांबली आहे. थप्पड त्यांच्या साडूंची, म्हणजे भास्कर तिरोडकरांची. संकष्टीला भास्कररावांनी जीव ओतून केलेल्या उकडीच्या मोदकांना यशवंतराव 'मोमो' म्हणाले. भास्कररावांनी हात उगारला आणि म्हणाले, "आज संकष्टी नसती ना, तर कानाखाली आवाज काढला असता." मग हात खाली घेऊन ते आरतीला लागले. थप्पड मात्र तिथंच राहिली. तिलाही उपास होता. तो चंद्र बघूनच सुटणार, आणि लेस्टरचं आभाळ काही उघडायचं नाव घेईना.

यशवंतराव थपडेसकट कामावर जात. बसमध्ये शेजारी कुणी बसत नसे, तेवढीच सोय. पण डाव्या कुशीवर झोपायची चोरी झाली, तेव्हा ते कोर्टात गेले. गुन्हा ठरला असता तर कोर्टच थप्पड उचलून नेणार होतं.

न्यायाधीशबाईंनी दुभाष्याला विचारलं, "कानाखाली कसला आवाज?"

"थपडेचाच, बाई. दुसरा चालत नाही."

"लागली असती तर मारहाण. लागलेली नाही, तेव्हा हल्ल्याचं बघू. त्याला स्पर्श लागत नाही, पण 'आत्ता बसणार' असं समोरच्याला वाटावं लागतं. आरोपी तर 'आज नाही' म्हणतोय. मिस्टर केळुसकर, तरीही तुम्हाला तसं वाटलं?"

झाली का पंचाईत! समोर बायको बसलेली, शालन. "भास्करची काय टाप आहे माझ्यावर हात टाकायची," हे तिला लग्नापासून ऐकवलेलं. एक 'हो' म्हटलं की कान मोकळा होता.

"छे," यशवंतराव म्हणाले, "मला काय वाटायचंय?"

भास्करराव सुटले. थप्पड कायदेशीर ठरली, त्यामुळे तिला हलवायचा अधिकार कुणालाच उरला नाही. तिला त्रास देऊ नये, अशी बाईंनी यशवंतरावांना समज दिली.

संध्याकाळी भास्कररावांनीच सगळ्यांना गाडीतून घरी सोडलं आणि सोबत आणलेले मोदक ताटात काढले. शालन वाळत घातलेले कपडे आणायला मागच्या दारी गेली.

"अहो," ती तिथूनच म्हणाली, "आभाळ उघडलंय. चंद्र दिसतोय."

"तूप सोडू ना?" भास्कररावांनी विचारलं.

"थांबा जरा," यशवंतराव म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून नीट टेबलावर ठेवला.

शालन दारात उभी राहून बघत होती.