पॅकिंग बसलं की निघू

आमच्या शेजारच्या मल्लिकार्जुनअण्णांनी गेल्या चार महिन्यांत आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीचं एकच पॅकिंग पन्नासएक वेळा तरी बदललं आहे. दुसरं पॅकिंग नाही, दुसरी गाडीही नाही. तेच ते.

इंजिनला हवा पुरवणारा एक फाटे फुटलेला नळ असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. मी शाळेत भूगोल शिकवतो, मला हे कळायचं काही कारण नव्हतं. पण तो नळ इंजिनला जिथं जोडतात तिथं मध्ये पातळ पॅकिंग लागतं आणि ते खराब झालं की हवा शिरून इंजिन सूंसूं करत धापा टाकतं, हे आता मी झोपेतसुद्धा सांगेन.

सकाळी सातला कपाळावर भस्माचे पट्टे ओढून अण्णा अंगणात येतात, बॉनेट उघडतात आणि भिंतीवरून हाक मारतात, "सर, जरा बॅटरी धरा की!" मग मी बॅटरीचा उजेड धरतो. अण्णा नट काढून चिवड्याच्या डब्याच्या झाकणात मांडतात, शीटवर बारकी हातोडी टुकटुक मारत नवं पॅकिंग कापतात, उजेडात धरतात आणि म्हणतात, "केसभर कमी हाय." की ते पॅकिंग बाद. एकदा मी दुकानातून तयार आणून दिलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून परत केलं. "तयार पॅकिंग अन् तयार चपाती, आपल्याला चालत न्हाई."

आणि हा माणूस तीस वर्षं सरकारी वर्कशॉपात हेड मेकॅनिक होता! म्हणे ट्रकचं इंजिन एका पाळीत उतरवून चढवायचा. कपाळाला हात लावायचा तेवढा माझा लावून झाला होता.

वाईट वाटायचं ते त्यांच्या बायकोचं, काकूंचं. आठ वाजता त्या इरकल नेसून, पिशवी घेऊन पायरीवर यायच्या. माहेर दुधनीचं. बोलायच्या अर्धं कानडी, अर्धं मराठी. "आतेन्री?" म्हणजे झालं का हो? अण्णा इंजिनातून मान न काढता म्हणायचे, "तडी." म्हणजे थांब. "पॅकिंग बसलं की निघू."

"आई वाट बघायलीय हो," काकू मला सांगायच्या आणि मुकाट आत जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, जणू काल काही झालंच नाही. मी मनात म्हणायचो, काय सोशीक बाई! बायकोला माहेरी न्यायचं टाळायला माणूस कुठल्या थराला जातो! एकदा न राहवून म्हणालो, "अण्णा, बसनं तरी न्या." ते म्हणाले, "तिला बस लागती." विषय संपला.

परवा अण्णा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले. मी संधी साधली. नाक्यावरच्या बाबूभाई मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आत हात घातला आणि हसायलाच लागले. "सर, इसमें कुच नै है. पॅकिंग एकदम बरोबर है. नटाच ढिल्ले रखे किसीने." दहा मिनिटांत नट आवळले, चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. सूंसूं नाही, धाप नाही. शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा मी अंगणात उभा राहिलो.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर पिशवी.

बाबूभाई गेले आणि अण्णा फाटकात आले. चालू गाडी बघून तिथंच थबकले.

"अण्णा, नट ढिले होते नुसते!" मी ओरडलो.

"मीच ठेवायलतो ढिले," ते हळूच म्हणाले. मला कोपऱ्यात नेलं. "तिची आई जाऊन वीस वर्षं झाली, सर. भाऊबी गेला. घर पाडून तितं गोडाऊन बांधलंय. गेल्या वर्षी नेलतं एकदा. सगळ्या गल्लीत दार हुडकत फिरली. आई गेली म्हणून सांगितलं की तिला आत्ताच गेल्यागत वाटतंय. ऊर बडवून रडती, अन् सकाळी इसरून परत पिशवी भरती. रोज कशी मारू मी तिची आई? इंजिन उघडं दिसलं की गप आत जाती."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. चार महिने मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

"आतेन्री?" गाडीतून हाक आली.

अण्णांनी माझा दंड धरला. "तुमीबी चला, सर. मला एकट्याला हुईना."

मी मागं बसलो. दुधनीकडं जाणाऱ्या अक्कलकोट रस्त्याला लागलो तशा काकू मागं वळून बोलत सुटल्या. "सर, जेवल्याबिगर आई सोडणार न्हाई. शेंगाची पोळी करती बगा, तूप घालून." मी होहो करत राहिलो. गाडी लोण्यासारखी पळत होती. एखाद्या गाडीनं बंद पडावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाचा धावा केला.

आमचं गाव मागं पडलं आणि अण्णांनी गाडी कडेला घेतली. उतरून बॉनेट उघडलं. मी मदतीला म्हणून पुढं गेलो. ते कशालाच हात लावत नव्हते. उघड्या बॉनेटच्या आड, काकूंना दिसणार नाही असे उभे राहून, तोंडात उपरणं कोंबून रडत होते. त्यांच्या पाठीवर हात ठेवून मीही तिथंच उभा राहिलो.

जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि मोठ्यानं सांगितलं, "पॅकिंग गेलं गं! आज काय जमत न्हाई."

आतून काकू म्हणाल्या, "आसू द्या हो. उद्या जाऊ. तुमी उन्हात उभारू नगा."