काचेतलं अस्वल

जेवणाची भांडी उचलायच्या आत लॉवेल ब्रेकीने टेबलावर सामान मांडायला सुरुवात केली. अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा, तो संपला तर दुसरा फवारा, शिट्टी, आजोबांच्या बर्फगाडीच्या घोड्याचे घुंगरू आणि अस्वलापासून बचाव कसा करावा याचं घडीपत्रक. मार्लिस हात पुसत पुसत नवऱ्याचा हा संसार बघत होती.

"कॅमेरा राहिला," ती म्हणाली.

"कॅमेरा गाडीत ठेवलाय."

"बरं झालं. मला वाटलं, उद्या नुसतं अस्वलालाच भेटायचंय."

लॉवेल हसला नाही. अस्वलाच्या बाबतीत तो कधीच हसत नसे. मोंटानाच्या या कोपऱ्यात लोक परसातल्या सफरचंदाच्या झाडावरून अस्वलाला पातेलं वाजवून उतरवतात आणि परत येऊन गार झालेली कॉफी पितात. लॉवेलचा सगळा जन्म इथेच गेला होता, पण अस्वल म्हटलं की तो घरात जाऊन दार लावून घ्यायचा. रस्तेखात्यातून निवृत्त झाल्यावर त्याला निसर्गाचे फोटो काढायचं वेड लागलं, आणि मग पंचाईत झाली. निसर्ग सगळा अस्वलांच्या ताब्यात होता.

त्यामुळे लॉवेलचे फोटो पार्किंगमधून काढलेले असत. शिखर असो, धबधबा असो, सूर्यास्त असो, खालच्या कोपऱ्यात पार्किंगच्या कठड्याचा लाकडी खांब हटकून यायचा. फोटो क्लबातली माणसं सभ्य होती. "खांब छान आलाय," असं म्हणून ती पुढच्या फोटोकडे वळायची.

दर वर्षी क्लब एक फोटो निवडायचा आणि तो गावच्या धान्य सोसायटीच्या कॅलेंडरवर छापला जायचा. ते कॅलेंडर खोऱ्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात लागायचं. गेली काही वर्षं मुखपृष्ठावर गॉर्डी हॉगेनचाच फोटो येत होता. गॉर्डी लॉवेलचा शाळेपासूनचा मित्र. मित्राचं कौतुक असावं, याबद्दल लॉवेलला काही म्हणायचं नव्हतं. पण वर्षभर, रोज सकाळी, ओटची खीर खाताना समोर गॉर्डीचा धबधबा बघायचा, हे कुणालाही जड गेलं असतं. एकदा तरी गॉर्डीने आपल्या घरात बसून आपला फोटो बघत खीर खावी, एवढीच लॉवेलची इच्छा होती.

त्यासाठी त्याने आदल्या हिवाळ्यात एक जुना लाकडी कॅमेरा मिळवला होता. भाता असलेला, तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवायचा, डोक्यावरून काळं कापड घेऊन बघायचा. मागच्या काचेवर सगळं चित्र उमटायचं, पण उलटं. आकाश खाली, जमीन वर, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे.

"मग नीट बघायला काय, डोक्यावर उभं राहायचं?" मार्लिसने विचारलं होतं.

"सवय होते," लॉवेल कापडातून म्हणाला होता. अख्खा हिवाळा त्याने स्वयंपाकघरात सराव केला. टोस्टरचे इतके फोटो काढले की हात आपोआप चालायला लागले. झडप बंद, फिल्मची चौकट काचेपुढे सरकवायची, तिची पट्टी ओढायची, कळ दाबायची. डाव्याउजव्याची सवय मात्र झाली नाही, कारण टोस्टर एका जागी असायचा.

बेत केटल तळ्याचा होता. ऑक्टोबरात तिथली लार्चची झाडं सोन्यासारखी पिवळी होतात, आणि तळ्याच्या वळणावरून पहाटे शिखर गुलाबी झालेलं दिसतं. ही जागा कुणाला सांगायची नव्हती. क्लबात एकमेकांना भिंगं उसनी देत, जेवायला बोलावत, पण उद्या कुठे जाणार हे सख्ख्या भावालाही सांगत नसत. गॉर्डीने कॅफेत विचारलंच होतं, "उद्या काय करतोयस?"

"दातांच्या डॉक्टरकडे. तू?"

"लेकीकडे."

दोघांनी एकमेकांकडे सहानुभूतीने बघितलं होतं.

पहाटे गाडी तळ्याच्या पार्किंगमध्ये लागली. मार्लिस कॉफी आणि बदकं बघायची दुर्बीण घेऊन गाडीतच बसली. "खांबाच्या पलीकडे जा, एवढंच माझं म्हणणं आहे," ती म्हणाली आणि काच वर केली.

लॉवेल खांबाच्या पलीकडे गेला. कमरेला घुंगरू, पट्ट्यात दोन फवारे, खांद्यावर कॅमेरा. पत्रकात लिहिलं होतं की चालताना बोलत राहावं म्हणजे अस्वल दचकत नाही. "ए अस्वला," तो म्हणाला, "मी आलोय हं." आवाज इतका बारीक आला की त्याची त्यालाच कीव आली. शेजारून ओढा धो धो वाहत होता, त्यात घुंगरूही ऐकू येत नव्हते. प्रत्येक झुडपामागे काहीतरी श्वास घेत होतं. एका ओंडक्याला तर तो चक्क "माफ करा" म्हणाला.

वळणावर पोचून त्याने कॅमेरा उभा केला आणि तिथून सगळं बिघडत गेलं. घुंगरू हलले की तिकाटणं हलायचं, म्हणून त्याने घुंगरू काढले. फवारे तिकाटण्याच्या पायांवर आपटायचे, म्हणून पट्टा काढून मागच्या झाडाला अडकवला. काचेला भिंग लावून बघायचं तर चष्मा आड येतो, म्हणून चष्मा कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवला. मग काळं कापड अंगावर ओढून घेतलं, आणि कापडासरशी चष्मा खाली दगडांत गेला. कुठे गेला ते बघायला चष्माच हवा होता. कापडाबाहेर आता लॉवेलला नुसतं धुकं दिसत होतं. स्पष्ट जग उरलं होतं ते फक्त काचेवर.

पण ते जग असं होतं की तो चष्मा विसरला. शिखर उलटं लटकत होतं आणि त्याच्या टोकाला गुलाबी रंग लागत होता. पिवळी लार्चं वरून खाली वाढली होती. तळ्यात तेच सगळं पुन्हा. इतकी वर्षं आपण खांबाचे फोटो काढत बसलो, असं त्याला वाटलं, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तो अस्वलाला विसरला.

तेवढ्यात काचेच्या डाव्या कडेला काहीतरी काळं हललं.

मोठं होतं. गोल पाठीचं, वाकलेलं, काठच्या झुडपांत अर्धं बुडालेलं. त्याने पत्रकातली पहिली सूचना आठवली: पळू नका. ती पाळणं सोपं होतं, कारण पाय जागचे हलतच नव्हते. दुसरी सूचना: आहात त्यापेक्षा मोठे दिसा. लॉवेलने कापडासकट दोन्ही हात हळूहळू डोक्यावर नेले आणि चवड्यांवर उभा राहिला.

काचेतलं अस्वलही उभं राहिलं. हात वर करून, लॉवेलपेक्षा चांगलं वीतभर उंच.

"मार्लिस," लॉवेल पुटपुटला. मार्लिस तळ्याच्या त्या टोकाला कॉफी पीत होती.

आणि मग एक गोष्ट घडली जी लॉवेलला पुढेही कधी नीट सांगता आली नाही. शिखर पेटल्यासारखं झालं होतं आणि त्याच्यासमोर अस्वल उभं होतं, आणि असा फोटो सोडायचा म्हणजे काय. हात आपोआप चालले. झडप बंद, चौकट आत, पट्टी बाहेर, कळ. चौकट आत गेली की काच झाकली जाते. तेवढा वेळ तो पूर्ण आंधळा होता, आणि आता पंजा नेमका कुठून येईल याचा विचार करत होता.

चौकट काढून कोटाच्या आतल्या खिशात टाकून त्याने पुन्हा काचेच्या त्याच कडेला बघितलं. अस्वल तिथेच. आता तिसरी सूचना: खालच्या आवाजात शांतपणे बोला. लॉवेलने शांतपणे बोलायचा प्रयत्न केला, पण सुकलेल्या घशातून जे निघालं ते गुरगुरल्यासारखं होतं. ओढ्याच्या आवाजातून पलीकडूनही गुरगुर आली.

चौथी सूचना होती, अस्वलावरची नजर न काढता हळूहळू बाजूला व्हा. नजर म्हणजे काच, तेव्हा कॅमेरा सोडून चालणार नव्हतं. त्याने तिकाटणं उचललं. अस्वल डावीकडे होतं, म्हणून लॉवेल उजवीकडे सरकला. अस्वल मोठं झालं. तो आणखी उजवीकडे सरकला. अस्वल आणखी मोठं झालं. हे आपल्यामागे लागलंय, हे त्याला कळून चुकलं. तो देवाला म्हणाला की यातून सोडव, पुन्हा खांबाच्या बाहेर पाय टाकणार नाही. आणि मग पत्रक बित्रक विसरून, कॅमेरा कवटाळून, कापड पांघरून तो जीव घेऊन उजवीकडे धावला.

अस्वलही धावत आलं. धडक काठावर झाली. तिकाटण्यात तिकाटणं अडकलं, कापडात कापड, आणि दोघे गुडघाभर पाण्यात बसले. पाणी बर्फाचं होतं.

"मारू नको," अस्वल म्हणालं.

लॉवेलने कापड बाजूला केलं. इतक्या जवळून चष्म्याशिवायही दिसत होतं. "गॉर्डी?"

"लॉवेल? तू दातांच्या डॉक्टरकडे ना?"

"आणि तू लेकीकडे."

गॉर्डीच्या हातात भाता असलेला, अगदी नवाकोरा लाकडी कॅमेरा होता. "तू घेतलास असं ऐकलं," तो ओशाळून म्हणाला. "म्हटलं, बघावं काय आहे ते. अरे, मी तुझ्यापासून लांब पळत होतो. डावीकडे."

"मी उजवीकडे."

दोघांनी आपापल्या उलट्या काचेकडे बघितलं. मग तो विषय कुणी काढला नाही.

"क्लबात काय सांगायचं?" दात वाजत असताना गॉर्डीने विचारलं. "ओले होऊन, कॅमेरे मोडून घरी जाणार आपण."

"अस्वल होतं म्हणू."

"हो. होतं. भलंमोठं."

"आणि आपण दोघांनी पिटाळलं."

हात मिळवून दोघांनी शपथ घेतली. शनिवारी क्लबाच्या जेवणात गॉर्डीने ती गोष्ट सांगितली तेव्हा भाजलेले बटाटे संपेपर्यंत अस्वल चांगलं मोठं झालं होतं, आणि हकलबेरी या रानफळाचा गोड पदार्थ येईपर्यंत ते त्याच्या ट्रकएवढं झालं. लॉवेल मान डोलवत होता. मार्लिसने टेबलाखालून त्याचा हात हातात घेतला. इतकी वर्षं ज्याची चेष्टा केली तो माणूस इतका धीराचा निघाला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. लॉवेलला ते गोडही गोड लागेना.

त्या गडबडीत फिल्मची ती चौकट कोटाच्या आतल्या खिशात कोरडी राहिली होती. आठवड्याभराने तळघरात त्याने ती धुतली, फोटो छापला, दोरीला लावला, आणि नवा चष्मा पुसून बघायला लागला. शिखर लालभडक, तळं, सोनेरी लार्चं. खांब कुठेही नव्हता. उजव्या बाजूला, झुडपांच्या वर, हात वर करून उभा असलेला एक काळा आकार. आणि त्याच्या डावीकडे, जरा अलीकडे, आणखी एक.

"मार्लिस," लॉवेलने हाक मारली. आवाज तळ्यावर आला होता तसाच आला. "खाली ये."

मार्लिस खाली आली. "अगबाई, काय सुंदर आलाय रे. आणि अस्वलही पुरं आलंय."

"कुठलं अस्वल?"

"हे डावीकडचं. हा उजवीकडे गॉर्डी. दुर्बिणीतून बघत होते ना मी. हॉर्न वाजवणारच होते, तेवढ्यात तुम्ही दोघं हात वर करून उभे राहिलात. तेही उठून बघायला लागलं. मग तुम्ही जे काही धावत सुटलात, ते बघून त्याने जी धूम ठोकली ती डोंगर पार करूनच थांबलं असेल." ती थांबली. "असं काय बघतोयस? तूच तर सांगितलंस सगळ्यांना, पिटाळलं म्हणून."

लॉवेल कोळशाच्या पेटाऱ्यावर बसला. खोटं म्हणून सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता, आणि आता, घरात, आपल्याच तळघरात, त्याला खरी भीती वाटायला लागली.

फोटो निवडला गेला. सोसायटीने खाली छापलं, 'केटल तळ्यावरची अस्वलांची जोडी', आणि क्लबात जो तो म्हणाला, बघा, दोन होती, आणि बिचारे एकच सांगत होते. कॅलेंडर खोऱ्यात घरोघर लागलं. पहिल्याच सकाळी, लॉवेल आपला फोटो बघत खीर खात असताना फोन वाजला.

"माझ्यासमोर कॅलेंडर आहे," गॉर्डी म्हणाला. त्याच्या तोंडात खीर होती. "खरं सांग, लॉवेल. यातला मी कोणता?"

"डावीकडचा."

"उजवीकडचा," भांडी घासता घासता मार्लिस म्हणाली.

"उजवीकडचा," लॉवेलने सांगितलं. "मार्लिसने दुर्बिणीतून बघितलंय."

"मग डावीकडे कोण आहे?"

लॉवेलने खिरीचं भांडं बाजूला सारलं. पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"लॉवेल," शेवटी तो हळूच म्हणाला, "त्या पार्किंगमधून शिखर कसं दिसतं रे?"

"चांगलं दिसतं," लॉवेल म्हणाला. "खांब मध्ये येतो. सवय होते."