मंचरचे पाहुणे आणि परसातला बिबट्या

मंचरचे पाहुणे दहाला येणार होते आणि पावणेअकरा वाजले तरी त्यांचा पत्ता नव्हता. नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीत रिखबचंदांच्या घरी पहाटेपासून धावपळ चालू होती. सोफ्याची कव्हरं बदलून झाली होती, बिनकांद्याचे पोहे दोनदा गरम करून वाळले होते. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो पीयूष नवा शर्ट घालून मागच्या पायरीवर बसला होता. आधीच्या दोन स्थळांनी 'कळवतो' म्हणून अजून कळवलं नव्हतं. ही खुशबू मात्र त्याला मनापासून आवडली होती. मंचरला एकदा अर्धा तास भेट झाली, आणि तेव्हापासून नारायणगावच्या दुकानात तो मीटर म्हणून सव्वा मीटर कापड कापत होता. आज तिचे आईवडील तिला घेऊन घर बघायला येणार होते. काय ते आजच ठरणार होतं.

वाट बघणाऱ्या माणसाचा हात खिशातच जातो. पीयूषनं मोबाईल काढला. समोर परसाची भिंत, भिंतीपलीकडे ऊस, अलीकडे आईचे वाळत घातलेले मूगपापड. त्यानं फोटो काढला, ॲपमध्ये टाकला आणि लिहिलं, 'भिंतीवर बिबट्या बसव.' ॲपनं बसवला. असा झकास बसवला, की पीयूषच जरा मागं सरकला. मग त्यानं तो फोटो शेजारच्या दुकानातल्या पप्पूला पाठवला. फक्त पप्पूला. खाली लिहिलं, 'पाहुणे आले.'

वीस मिनिटांनी रिखबचंद माजघरातून बायकोला ओरडून हाका मारत आले.

"दारं लावा! मोहन, मागचं दार लाव आधी! अगं, आपल्या भिंतीवर बिबट्या आहे!"

त्यांच्या मोबाईलवर गावाच्या ग्रुपमधून तोच फोटो आला होता. सोबत पप्पूचा घाबराघुबरा आवाज होता, "मी माज्या डोळ्यांनी बघितला, राव! लई मोठं धूड व्हतं!"

"पप्पा, तो फोटो..." पीयूष म्हणाला.

"पाहिला मी! तू आत बस. आज तुझं तोंड दाखवायचंय, ओरखडलेलं नको."

"पण पप्पा, ऐका तरी..."

रिखबचंद कुठले ऐकतात! ते पाहुण्यांना फोन लावत होते, "जय जिनेंद्र. या, या, काही काळजी नाही. फक्त गाडीच्या काचा वर ठेवा."

साडेअकराला शाळा सुटली. पावणेबाराला निम्मं गाव गच्च्यांवर चढलं. बारा वाजता वनखात्याचे सोमाजी पिकअपमध्ये पिंजरा घालून थेट दारात हजर. पिंजरा परसात उतरवला, आणि मग सोमाजींनी गाडीतून एक तांबडी कोंबडी काढली. उलटी धरलेली.

पीयूषची आई मोहनबाई पायरीवरून खाली धावल्या. "हे... हे काय आहे?"

"आमिष हाय, बाई. पिंजऱ्यात ठिवायचं."

"आमच्या परसात? अहो, आमच्याकडे बटाटासुद्धा येत नाही!"

"मग बिबट्याला काय चुरमा ठिवू?"

"दूध ठेवा हवं तर. साखर घालून देते."

सोमाजींनी चोवीस वर्षांच्या नोकरीत असं ऐकलं नव्हतं. ते कोंबडीकडे बघत राहिले, कोंबडी मोहनबाईंकडे. आणि नेमकी तेव्हाच फाटकात मंचरची गाडी थांबली.

खुशबूचे वडील उतरले ते थेट कोंबडीसमोर. पाठोपाठ तिची आई उतरली आणि तिनं तोंडाला पदर लावला. वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला.

"रिखबचंदजी! तुमच्या घरी... कोंबडी?"

तिसरंही स्थळ डोळ्यांदेखत निघालं होतं. पीयूषला राहवेना. तो गर्दीतून पुढं घुसला आणि ओरडला, "कोंबडी आमची नाही! बिबट्या माझा आहे!"

गच्च्यांवरची माणसं कठड्यावरून पुढं वाकली.

"म्हणजे मी केलाय. मोबाईलवर. तुमची वाट बघत होतो, वेळ जाईना, म्हणून."

"मंग ह्यो पप्पू डोळ्यांनी बघितला म्हणतोय त्यो कुटला?" सोमाजींनी विचारलं.

पप्पू गर्दीत मागं मागं सरकत म्हणाला, "डोळ्यांनीच बघितला की. फोटोत."

सोमाजींनी पीयूषला चांगलं फैलावर घेतलं, लेखी माफी लिहून घेतली आणि पिंजरा पुन्हा गाडीत चढवला. पाहुणे केवळ रीत म्हणून आत आले. खुशबूचे वडील सोफ्यावर ताठ बसले. पोह्यांना कुणी हात लावला नाही.

"वेळ जात नाही म्हणून मुलगा गावात बिबट्या सोडतो," ते म्हणाले. "लग्न झाल्यावर काय सोडेल? आता आमची खुशबू बघा. मघापासून त्या कोपऱ्यात बसलीय, एक शब्द तरी बोलली का?"

खुशबू खरंच खाली मान घालून बसली होती. पीयूषला तिच्याकडे बघायचं धैर्य होईना. मोहनबाईंचे डोळे भरून आले होते. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि 'कळवतो' म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. दारात सोमाजी, एका हातात काठी, दुसऱ्या काखेत कोंबडी.

"कुनी हलू नका! सोफ्यावर हाय त्यो!"

सोफ्यावर खुशबूचे वडील होते. त्यांनी अशी उडी मारली, की ते टीपॉयवर आणि पोहे रिखबचंदांच्या मांडीत.

"कुठंय? कुठंय?"

सोमाजींनी मोबाईल पुढं धरला. "आत्ता गावाच्या ग्रुपवर आला फोटो!"

फोटोत हीच खोली होती. हाच सोफा, हेच नवं कव्हर, ताठ बसलेले खुशबूचे वडील, आणि त्यांना खेटून, मांडीवर पोह्यांची ताटली घेतलेला बिबट्या.

टीपॉयवरून वडिलांनी फोटो बघितला. मग तो कुठून काढला असेल ते बघितलं. हळूहळू सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"मी फक्त नारायणगावच्या मावसबहिणीला पाठवला होता," खुशबू पुटपुटली. "वेळ जात नव्हता, पप्पा."

पीयूषनं आता कुठं तिच्याकडे बघितलं. तीही बघत होती, आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं.

वडील टीपॉयवरून उतरले. रिखबचंदांच्या मांडीवरचे पोहे त्यांनी स्वतःच्या हातानं झटकले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "रिखबचंदजी, हिला आता दुसऱ्या कुठल्या घरी देऊ? मुहूर्त काढा."

सोमाजी अजून दारातच उभे होते. त्यांनी कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली.

"तारीख ठरली की मला कळवा, शेठ," ते म्हणाले. "त्या दिवशी मी रजा टाकतो."