जिना चढलेली मासळी

"केसाएवढी स्प्रिंग माझ्या नजरेतून सुटत नाही, तिथे हातभर मासळी काय सुटणार!" असं सगळ्या स्वयंसेवकांदेखत छातीठोकपणे सांगून घड्याळजींनी मासळीचा अभ्यास करणाऱ्या मॅडमकडून तिचा माग काढायचा रेडिओ मागूनच घेतला.

मॅडमचा जीव नुसता टांगणीला लागला होता. अंडी घालायला नदीतून वर जाणाऱ्या मासळीसाठी त्यांनी भांडून-तंडून बंधाऱ्याला पायऱ्या करून घेतल्या होत्या. खालच्या अंगाला एका मासळीच्या पोटात बोटाच्या पेराएवढं, जवळ आलं की रेडिओवर टिकटिकणारं यंत्र बसवून तिला सोडलं होतं. ती वर पोहोचली तर पायऱ्या राहणार, नाहीतर बंधाऱ्याचे इंजिनिअरसाहेब त्या फोडायला टपलेलेच. "मासे कधी जिना चढतात का हो?" हे त्यांचं पालुपद!

घड्याळजींचं घर बंधाऱ्याच्या वरच्या काठाला, दुसऱ्या मजल्यावर. रविवारी दुपारी जेवणावर आडवा हात मारून, ढेकर देत त्यांनी रेडिओ चालू केला, तोच तो टिकटिकायला लागला. आणि असा जोरात की भिंतीवरची सगळी घड्याळं गप्प वाटावीत!

"आली! बंधारा चढून आली!" घड्याळजी फोनवर ओरडले.

मॅडम धावत आल्या. मागून इंजिनिअरसाहेब. सगळे नदीकडे निघाले, तर काठावर टिकटिक पार मंदावली.

"लाजाळू असते हो ती," घड्याळजी म्हणाले.

पण घराकडे वळावं तर आवाज वाढे. जिन्यात आणखी वाढला. दारात तर रेडिओ किंचाळायलाच लागला!

"जिना चढतेय वाटतं," इंजिनिअरसाहेब म्हणाले.

घड्याळजींच्या पोटात गोळा आला. पोटात आधीच काय काय आहे ते आठवून तो आणखी मोठा झाला.

स्वयंपाकघरात बायकोने घड्याळाच्या सुट्या भागांची डबी पुढे केली. "हे शोधताय का? मासळी साफ करताना निघालं. म्हटलं, तुमचंच असेल."

"अगं, माशाच्या पोटात माझं काय असणार!"

"या घरात तुमचे स्क्रू पिठातसुद्धा निघतात!"

घड्याळजींना धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कुठून आणली होती?" मॅडमनी विचारलं.

"मीच... सकाळी... वरच्या डोहातली ताजी म्हणून..."

"वरच्या? म्हणजे चढली होती!" मॅडमचे डोळे भरून आले. इंजिनिअरसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. पायऱ्या वाचल्या!

घड्याळजींना जरा धीर आला. "मी म्हणालोच होतो, माझ्या नजरेतून..."

"वहिनी," मॅडमनी हळूच विचारलं, "तिच्या पोटात अंडी होती का हो?"

"गच्च भरलेली! यांनी दोनदा मागून घेतली."

रेडिओ अजून किंचाळतच होता. घड्याळजी खाली मान घालून तो बंद करायचं बटण शोधू लागले. पण जन्मभर यंत्रं उघडणाऱ्या त्या माणसाला ते काही केल्या सापडेना.